मदत हवी आहे : छिंग काळातले चिनी विद्वान वर्तमानपत्रं कशी वाचू लागले?

छिंग राजवटीच्या शेवटच्या काळातल्या वाचनसंस्कृतीवर एक लेख लिहितेय आणि एका जागी अडले आहे.

ठळक टप्पे हाताशी आहेत. दरबारी आदेश आणि अर्ज छापणारं पेकिंगचं राजपत्र अधिकारी आधीपासून वाचत होते. 1872 मध्ये शांघायला ‘शनबाओ’ हे वर्तमानपत्र निघालं. 1896 मध्ये निघालेल्या ‘शीवूबाओ’ या सुधारणावादी नियतकालिकात सुधारक लियांग छीछाओचे लेख येत आणि बडा प्रांताधिकारी झांग झीडोंगने ते नियतकालिक आपल्या अधिकाऱ्यांना घ्यायला लावलं. 1901 च्या फर्मानाने सरकारी नोकरीच्या परीक्षांमधला ठरावीक साच्याचा ‘आठ-अंगी’ निबंध गेला, चालू घडामोडींवरचे प्रश्न महत्त्वाचे झाले. मग परीक्षार्थींना वर्तमानपत्र लागणारच! 1905 मध्ये या परीक्षाच बंद झाल्या.

पण मला 1901 च्या आधीचं, शांघायसारख्या बंदरांपासून दूरचं चित्र हवंय. शान्शी प्रांतातल्या ल्यू दापेंग या विद्वानाची रोजनिशी ठाऊक आहे, पण एका माणसावरून सगळ्या प्रांतांबद्दल कसं बोलणार? शांघायवरचं इंग्रजी लेखन बरंच चाळलंय, त्यामुळे ते नको. चिनी वाचता येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल.

आतल्या प्रांतांतले विद्वान अंक स्वतः विकत घेत, की तिथल्या पारंपरिक विद्यालयांत आणि मित्रांत एकच प्रत फिरे? आणि हे दाखवणाऱ्या आणखी कोणाच्या रोजनिशा किंवा पत्रं इंग्रजीत वाचायला मिळतील?