मदत हवी आहे : लंडनमधल्या बाबासाहेबांच्या घरात आधी-नंतर कोण राहत होतं?

जय भीम! प्रिमरोज हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड हे घर आपल्या परिचयाचं आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या या घराची बाकीची कहाणी मला जुळवायची आहे. पहिलं कुटुंब कोणाचं? खोल्या भाड्याने कधीपासून जाऊ लागल्या? आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते, बाबासाहेबांच्या वेळी घरमालक कोण होते?

इंग्लंडमधल्या १९२१ पर्यंतच्या जनगणनेच्या नोंदी खुल्या आहेत. पुढे मात्र खिंडार : १९३१ चे कागद आगीत जळाले, १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. मधली १९३९ ची नोंदवही (युद्ध सुरू झाल्यावर केलेली घरोघरच्या नागरिकांची नोंद) तेवढी उरते.

हे घर लंडनच्या ज्या भागात येतं त्या कॅम्डेनच्या अभिलेखागारात जुन्या मतदारयाद्या, रस्त्यांनुसार छापलेल्या डिरेक्टऱ्या कुणी चाळल्या आहेत का? घरक्रमांक मधे बदलले असतील तर कसं ओळखायचं? लंडनमधल्या कुणाला तिथे जाणं शक्य असेल तर कृपया कळवा, प्रतींचा खर्च मी पाठवीन.