पित्ताची कॅप्सूल बंद केली की चौथ्या दिवशी जळजळ : आजार परतला की औषधाचाच हा परिणाम?

कृष्णाकाठ :

नमस्कार. माझ्या आईचे वय ६४ आहे. तीन वर्षांपूर्वी छातीत जळजळ आणि करपट ढेकर यांसाठी तिला पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम व डोमपेरिडोन ३० मिलिग्रॅम अशी एकत्र कॅप्सूल एक महिन्यासाठी लिहून देण्यात आली होती. त्या वेळी केलेल्या एंडोस्कोपीत जठराच्या अस्तराला किंचित लाली होती, त्यापलीकडे काही आढळले नाही. महिना संपला, पण कॅप्सूल सुटली नाही. रिकामे पाकीट दाखवले की ती मिळत राहिली आणि आम्हीही आणत राहिलो. गेल्या महिन्यात मी आग्रह धरून ती बंद करायला लावली. पहिले तीन दिवस काहीच झाले नाही. चौथ्या दिवशी रात्री मात्र अशी आग सुरू झाली की ती उशीला टेकून पहाटेपर्यंत बसून होती. सहाव्या दिवशी तिने स्वतःच औषधांचा डबा उघडला, आणि एकदोन दिवसांत तिला बरे वाटले. आता तिचे म्हणणे असे की आजार मुळातच गेलेला नाही, आणि माझे म्हणणे असे की तिला औषधाची सवय लागली आहे. यात खरे काय?

आणखी एक विचारायचे आहे. ही कॅप्सूल ती सकाळी साडेनऊला, नाश्ता झाल्यावर घेते. घशात अडकते म्हणून ती कॅप्सूल उघडते, आतले पांढरे दाणे चमच्याने चिरडते आणि केळ्याच्या कुस्करात कालवून खाते. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी आणि रक्तदाबाची गोळी रात्री असते. वेळेत किंवा पद्धतीत काही चूक आहे का?

वर्गातला_फळा :

मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकाच ठिकाणी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जठराच्या अस्तरातील पराएटल पेशी आम्ल बाहेर टाकतात ते प्रोटॉन पंपाच्या साहाय्याने. हा पंप एक पोटॅशियम आत घेतो आणि त्या बदल्यात एक हायड्रोजन आयन बाहेर ढकलतो. पीएच म्हणजे आम्लता मोजण्याचे परिमाण, आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र. रक्ताचा पीएच सुमारे ७.४ आणि पेशीच्या स्रवणाऱ्या नलिकेतील पीएच सुमारे १, म्हणजे दोन्ही बाजूंच्या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहा लाख पटींहून अधिक फरक असतो. पँटोप्राझोल, किंवा हा पंप रोखणाऱ्या औषधांच्या गटातील, १९८८ साली बाजारात आलेले पहिले औषध ओमेप्राझोल, हे गोळीत असते तेव्हा निष्क्रिय असते. ते आतड्यात शोषले जाते, रक्तातून पराएटल पेशीपर्यंत पोहोचते, त्या नलिकेत साठते आणि तिथल्या तीव्र आम्लात त्याचे रूप पालटून ते पंपाच्या प्रथिनातील सिस्टीन या घटकाला कायमचे चिकटते आणि पंप बंद पाडते. म्हणजे हे औषध आम्लातच जागे होते. पण नलिकेऐवजी जठराच्या पोकळीतल्या आम्लात जागे झाले, तर तिथेच वाया जाते. दाण्यांवर आम्लात न विरघळणारे आवरण देतात ते एवढ्यासाठीच. आईंनी चमच्याने चिरडले ते नेमके हे आवरण. कॅप्सूल उघडणे ही तितकी मोठी चूक नव्हती. दाणे फोडणे ही मोठी चूक होती.

आता वेळेविषयी. हे औषध फक्त चालू असलेल्या पंपांना धरते, आणि पंप मोठ्या संख्येने चालू होतात ते जेवणाच्या चाहुलीने. रक्तात मात्र औषध फार काळ टिकत नाही, साधारण दर तासा-दीड तासाला त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून ते नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटे आधी घ्यायचे, म्हणजे पंप जागे होतील त्या वेळी औषध रक्तात हजर असेल. नाश्ता झाल्यावर घेतले तर काहीच उपयोग होत नाही असे नाही, परंतु बरीचशी संधी हुकते.

रक्तातले औषध दुपारपर्यंत जवळजवळ संपले तरी परिणाम दिवसभराहून अधिक टिकतो, कारण एकदा बंद पडलेला पंप पुन्हा सुरू होत नाही. पेशीला नवा पंप घडवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. आईंचे पहिले तीन दिवस शांततेत का गेले, याचे उत्तर इथे आहे.

चौथ्या दिवसाचे उत्तर गॅस्ट्रिनमध्ये आहे. आम्ल दीर्घकाळ कमी राहिले की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवते; त्याच्या सततच्या प्रभावाने, आम्ल स्रवायला लावणारे हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी फोफावतात. औषध चालू असेपर्यंत हा सगळा रेटा बंद दारावर आपटत असतो. औषध थांबते, नवे पंप तयार होतात, आणि दार उघडताच आम्ल पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात स्रवते. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी स्वयंसेवकांवर झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी दर वर्षी वर्गात सांगतो. त्यांतील निम्म्यांना आठ आठवडे याच गटातील इसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम व नंतर चार आठवडे औषधविरहित गोळी दिली, आणि उरलेल्यांना बाराही आठवडे औषधविरहित गोळी दिली. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातील ४४ टक्के आणि दुसऱ्या गटातील १५ टक्के लोकांना जळजळ किंवा तत्सम त्रास झाला. ज्यांना मुळात आजारच नव्हता, त्यांची ही गोष्ट आहे.

तेव्हा चौथ्या रात्रीची आग हा आजार शिल्लक असल्याचा पुरावा ठरत नाही. तिला सवय म्हणणेही मला पटत नाही. औषधाची ओढ लागणे वेगळे आणि दाबलेली स्प्रिंग सुटणे वेगळे. हा रेटा सहसा काही आठवड्यांत ओसरतो.

काउंटरपलीकडून :

वीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा आहे. रिकाम्या पाकिटावर कॅप्सूल देणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे त्या विषयावर अधिक बोलत नाही. पँटोप्राझोल हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देण्याचे औषध आहे, एवढे नमूद करतो.

वरील उत्तरात कॅप्सूलमधील दुसऱ्या औषधाचा उल्लेख राहून गेला आहे, आणि मला तेच अधिक काळजीचे वाटते. डोमपेरिडोन आम्ल कमी करत नाही. ते डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे पेशींवरील डी-२ ग्राही अडवते, त्यामुळे जठर लवकर रिकामे होते आणि मळमळ थांबते. मळमळीवरील मेटोक्लोप्रामाइड या औषधासारखे ते मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून मान वळणे किंवा हातपाय कंपणे असे परिणाम क्वचितच दिसतात. ही त्याची जमेची बाजू. परंतु ते हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय लांबवू शकते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ साली या औषधाचा वापर मळमळ व उलटी यांपुरता मर्यादित केला. प्रौढांसाठी एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा, आणि सहसा एक आठवड्याहून अधिक नाही. वय ६० च्या पुढे असेल तर धोका अधिक, हेही त्याच आढाव्यात आले होते. आपल्या कॅप्सूलमधील ३० मिलिग्रॅम हे दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी असतात. दाणे चिरडले की हा हिशेब मोडतो आणि बराचसा डोस एकाच वेळी रक्तात येण्याची शक्यता निर्माण होते.

आता मला एक विचारायचे आहे, कारण गिऱ्हाइके हे कधीच आपणहून सांगत नाहीत. आईंना गुडघेदुखी, कंबरदुखी यांसाठी काही गोळ्या चालू आहेत का? रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिनची गोळी?

निवृत्त_तात्या :

एवढ्या रसायनशास्त्रात मी शिरत नाही. आमच्या घरी ज्येष्ठमधाची पूड आणि थंड दूध यांवर दोन पिढ्यांचे पित्त शमले आहे. रोज सकाळ-संध्याकाळ चमचाभर पूड द्यावी, अपाय काही नाही.

कृष्णाकाठ :

आपण विचारले म्हणून तिला विचारले. अ‍ॅस्पिरिन नाही. गुडघ्यांसाठी मात्र डायक्लोफिनॅकची गोळी ती वर्षभर घेत आहे, आठवड्यातून तीन-चार वेळा. "ती काय औषधात धरायची? दुखलं की घेते," असे तिचे उत्तर. मला याची कल्पना नव्हती.

रात्रपाळी :

मी पोटविकार विभागात प्रशिक्षण घेत आहे. डायक्लोफिनॅकमुळे या धाग्याची दिशाच बदलते, हे प्रथम सांगतो.

जठराचे अस्तर स्वतःच्याच आम्लापासून वाचते ते श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि चांगला रक्तपुरवठा यांमुळे, आणि या तिन्हींना शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या रसायनाचा आधार असतो. डायक्लोफिनॅक वेदना कमी करते ते प्रोस्टाग्लँडिन घटवून, म्हणजे वेदनेबरोबर हे संरक्षणही घटते. आईंच्या वयात अशी गोळी वारंवार घेतली जात असेल, तर आम्ल कमी करणारे औषध ही चैन नसून व्रण व रक्तस्राव टाळण्याची तजवीज असते. म्हणून वेदनाशामक चालू ठेवून पँटोप्राझोल बंद करणे हा सर्वांत वाईट क्रम ठरेल. गेल्या महिन्यात नकळत तेच घडले. आधी गुडघ्यांचा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवावा : पॅरासिटामॉल किंवा वरून लावायची डायक्लोफिनॅकची जेल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांवर भागते का, ते पाहता येईल. डायक्लोफिनॅकने रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो, हीसुद्धा ते थांबवण्याची स्वतंत्र कारणे आहेत.

ते थांबले, तर पँटोप्राझोल सोडण्याचा विचार करता येईल. एकदम थांबवावे की उतरत्या डोसने, याबाबत अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली दोन्ही मार्ग चालतील असे म्हटले आहे. चौथ्या रात्रीचा अनुभव पाहता मी स्वतः उतरता मार्ग सुचवेन : डोमपेरिडोन नसलेली साधी गोळी, आधी ४० मिलिग्रॅम आणि मग २० मिलिग्रॅम, प्रत्येकी काही आठवडे, त्यानंतर दिवसाआड. मधल्या काळात जळजळ झाली तर अल्जिनेट किंवा मॅगाल्ड्रेटचे पित्तशामक द्रावण, आणि फार तर रात्री फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारे दुसऱ्या प्रकारचे औषध. फॅमोटिडिन रोज घेतल्यास थोड्याच दिवसांत त्याचा प्रभाव कमी होतो, त्यामुळे ते अडीनडीलाच ठेवावे.

थायरॉइडच्या गोळीबद्दल दोन गोष्टी. अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम असलेले पित्तशामक द्रावण त्या गोळीला आतड्यात बांधून ठेवते, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर हवे. पँटोप्राझोलचे तसे नाही. ते जठरातील आम्लच कमी करून शोषण घटवते, त्यामुळे वेळ बदलून फारसा फरक पडत नाही. आईंचा सध्याचा थायरॉइडचा डोस पँटोप्राझोल चालू असताना ठरला असेल, तर ते बंद झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासावे.

तात्या, ज्येष्ठमधाला अपाय नाही असे म्हणता येत नाही. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांना ते रोज देऊ नये, आणि डोमपेरिडोन पोटात असताना पोटॅशियम घटणे हृदयाच्या लयीसाठी अधिकच वाईट. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते हे खरे, पण त्यातील कॅल्शियम आणि प्रथिने थोड्या वेळाने आम्ल वाढवतात.

आणि पँटोप्राझोलची गोळी चालूच ठेवावी लागली, तर घाबरून जाऊ नये. हृदयविकाराच्या १७ हजारांहून अधिक रुग्णांना सुमारे तीन वर्षे पँटोप्राझोल किंवा औषधविरहित गोळी देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ साली आले, स्पष्ट वाढ दिसली ती आतड्यांच्या संसर्गात. हाडे मोडणे किंवा मूत्रपिंडाचा विकार यांबाबत तसा फरक आढळला नाही. बी-१२ आणि मॅग्नेशियम अधूनमधून तपासावे, तेवढे पुरे. मात्र घास अडकणे, काळी शौचास होणे, वजन उतरणे किंवा रक्त कमी आढळणे यांपैकी काही असेल, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून लगेच दाखवावे.

कृष्णाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. डायक्लोफिनॅकचे पाकीट आज डब्यातून काढून ठेवले आहे आणि गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. केळ्यातला प्रकार आईला समजावून सांगितला, तर ती म्हणाली, "मग तीन वर्षं मला बरं कशानं वाटत होतं?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

वर्गातला_फळा :

चिरडताना सगळे दाणे फुटत नाहीत, आणि जेवणाने जठरातील आम्ल काही काळ सौम्य होते. त्यामुळे बरेचसे औषध तरीही पोहोचत असणार. आईंचा प्रश्न मी परीक्षेत विचारणार आहे.

काउंटरपलीकडून :

डोमपेरिडोन नसलेली पँटोप्राझोलची साधी गोळी त्या कॅप्सूलपेक्षा लहान असते, ती सहसा घशात अडकत नाही. तोडायची नाही, चावायची नाही. बसून, पेलाभर पाण्याबरोबर. तरीही गिळता आली नाही तर डॉक्टरांना गुरुवारीच सांगा, पाण्यात कालवून घ्यायची या गटातील पूडही मिळते.