पट्टीवर रकमेच्या जागी 'नन' येऊन राहिलं, काऊन?

संत्रावाला_पोट्टा

नमस्कार मंडळी. बाबाची नागपूरच्या कळमना मार्केटले संत्र्याची अडत आहे. आंबिया बहार सुरू झाला की रात्री अकरापर्यंत कॅल्क्युलेटर अन कार्बन पेपर चालू असते, म्हणून म्हटलं आपण पायथनमध्ये पट्टी (शेतकऱ्याले द्यायचा मालाच्या हिशोबाचा कागद) काढणारा प्रोग्राम लिहू. दोन महिन्यांपासून शिकून राहिलो, त्यामुळे हसू नका.

डेफ, प्रिंट हे शब्द इथे मराठी अक्षरात लिहिले, फाइलीत इंग्रजीच आहेत. व्हेरिएबलची नावं मात्र खरंच मराठीत ठेवली. पायथन ३ ले चालते.

डेफ पट्टी(वजन, भाव, हमाली):
    रक्कम = वजन * भाव - हमाली
    प्रिंट(रक्कम)

१.८४ टन, २८,००० भाव, ६४० हमाली असं टाकलं तर स्क्रीनवर ५०,८८० बरोब्बर दिसते. (अडत म्हणजे आमचं कमिशन यात नाही, ते २०१६ पासून घेणाऱ्याकडून घेतात.) पण छापायच्या पट्टीत "देय रक्कम" पुढे हेच फंक्शन लावलं तर तिथे 'नन' (इंग्रजीत None) छापून येते. अन दिवसाची बेरीज करायले गेलो तर टाइपएरर, म्हणे इंट अन ननटाइप जोडता येत नाही. बाबानं कागद पाहिला अन विचारलं, "हा नन कोणत्या गावचा शेतकरी आहे बे?"

आकडा तर दिसते ना डोळ्यानं! मग जाते कुठे?

धरमपेठी

प्रिंट काढ, तिथे रिटर्न टाक. झालं.

संत्रावाला_पोट्टा

टाकलं अन चाललं भाऊ, धन्यवाद. पण काऊन चाललं ते नाही समजलं. दोन्हीत तोच आकडा आहे ना?

परसोडी_बॅकएंड

तू कळमन्याचा आहेस, म्हणजे हे तुला माझ्यापेक्षा लवकर समजेल. मापाडी काट्यावर माल चढवतो आणि "एक टन आठशे चाळीस!" असं ओरडतो. आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू गेलं. पण तुझ्या दिवाणजीच्या हातात काय आलं? काहीच नाही. मापाडी चिठ्ठीवर वजन लिहून देईल तेव्हा कुठे त्याला पट्टी करता येते. प्रिंट म्हणजे ओरडणं, रिटर्न म्हणजे चिठ्ठी. ओरडणं माणसासाठी असतं. चिठ्ठी ज्यानं फंक्शनला बोलावलं त्या ओळीच्या हातात जाते, आणि ती ओळ त्याचं पुढे काय करायचं ते करते.

पायथनमध्ये रिकाम्या हातानं परत यायची सोय नाही. तू रिटर्न लिहिलं नाहीस तर फंक्शन संपताना तो आपणहून 'नन' हातात ठेवतो. तुझ्या बाबांनी पाहिलेला शेतकरी तो हाच.

यातच पुढे तुला चावणारी एक गोष्ट आत्ताच सांगतो. उद्या तू भावांची यादी लावायला भाव.सॉर्ट() लिहिशील आणि उत्तर दुसऱ्या नावात ठेवशील, तर पुन्हा ननच मिळेल. सॉर्ट मूळ यादीच जागेवर लावतो, परत काही देत नाही. नवी यादी हवी असेल तर सॉर्टेड(भाव). मी नवीन असताना यावर अख्खी दुपार घालवली होती, आयटी पार्कासमोरच्या टपरीवरचे तर्री पोहे दोनदा खाऊन झाले तरी चूक सापडेना.

इतवारी_सी_वाला

आम्ही टर्बो सी मध्ये (सी भाषेचं जुनं सॉफ्टवेअर) मेन या मुख्य फंक्शनच्या शेवटी 'रिटर्न ०' लिहायचो. सर सांगायचे म्हणून लिहायचो. तो शून्य नेमका कोणाला मिळतो हे नोकरी लागल्यावर समजलं. तो जातो ऑपरेटिंग सिस्टीमकडे. शून्य म्हणजे काम सुखरूप झालं, दुसरा आकडा म्हणजे काहीतरी फसलं. घेणारा कोणीतरी असतोच.

संत्रावाला_पोट्टा

मापाड्याचं डोक्यात बसलं राजेहो. आता दुसरं. काट्यावरून कधी वजन शून्य येते, तेव्हा मी रिटर्न "वजन चूक" असं केलं. बरोबर आहे का? अन शेतकऱ्याले मोबाइलवर पट्टी दिसावी म्हणून फ्लास्क (पायथनमधून वेबपान दाखवायचं साधन) लावलं, तर ते म्हणते की व्ह्यू फंक्शननं, म्हणजे पान बनवणाऱ्या फंक्शननं, वैध रिस्पॉन्स दिला नाही.

परसोडी_बॅकएंड

फ्लास्कची तक्रार तीच जुनी. तिथे बोलावणारा तू नाहीस, फ्लास्क आहे, आणि त्याला ब्राउझरकडे पाठवायला काहीतरी हवं. बहुतेक तुझ्या इफच्या आत रिटर्न आहे, आणि अट खोटी ठरली की फंक्शन खालून रिकामं बाहेर पडतं. प्रत्येक वाट कुठे संपते ते बोट ठेवून बघ.

"वजन चूक"चं म्हणशील तर नको. एकच फंक्शन कधी आकडा आणि कधी वाक्य देऊ लागलं की बेरीज करणाऱ्यानं काय समजायचं? तिथे रेज व्हॅल्यूएरर कर (किंमत चुकली अशी एरर स्वतःच उठव), म्हणजे काम तिथेच थांबेल आणि चुकीची पट्टी छापली जाणार नाही. व्ह्यूमध्ये ती चूक पकड आणि ४०० कोड (ब्राउझरला 'मागणीत चूक आहे' सांगणारा आकडा) लावून मजकूर पाठव. नुसता मजकूर पाठवलास तर फ्लास्क त्याला २०० लावतो, म्हणजे "सगळं ठीक" असा शिक्का मारून "वजन चूक" लिहिल्यासारखं. आणि फोनवरच्या पानात जावास्क्रिप्टचा फेच (सर्व्हरकडून माहिती मागवणारं फंक्शन) वापरत असशील तर तो ४०० किंवा ४०४ ('पान सापडलं नाही') आलं म्हणून स्वतःहून एरर देत नाही. रिस्पॉन्स.ओके तपासावं लागतं.

धरमपेठी

रक्कम दशांशातल्या रुपयांत ठेवू नको, पैशांत (रुपयाचे शंभर) मोजून पूर्णांक ठेव. सांगून ठेवतो.

संत्रावाला_पोट्टा

सगळं केलं. काल रात्री खऱ्या अकरा पट्ट्या टाकून पाहिल्या. एकही नन नाही. पण दिवसाची बेरीज बाबाच्या वहीपेक्षा कमी भरली. बाबानं चष्मा लावला, वही पाहिली, अन दोन मिनिटात म्हणाले, "हमाली दोनदा कापली."

खरंच होतं. फंक्शन हमाली वजा करूनच आकडा देते, अन खाली बेरजेच्या ओळीत मी परत वजा करून राहिलो होतो. ती ओळ इथे टाकलीच नव्हती. आधी टाइपएररमुळे प्रोग्राम तिथवर पोचतच नव्हता, म्हणून दिसलं नाही. आता फंक्शनचं 'पट्टी' हे नाव बदलून हमाली_वजा_रक्कम ठेवलं. लांब आहे, पण राहू द्या.