पोटाची पट्टी ताणून बघ

गरोदरपणातले कपडे दुसरीचे वापरलेले घेऊ का, असं विचारलं आहेस. जरूर घे गं! जेमतेम चार-पाच महिने अंगावर येतात, बरेचदा नव्यासारखेच असतात. फक्त पँटची पोटावरची रुंद पट्टी दोन्ही हातांनी ताणून सोड. ती पटकन जागेवर आली नाही, तर इलॅस्टिक गेलंय, पँट दिवसभर घसरत राहील. फीडिंग कुर्त्याची छुपी चेन एका हाताने उघडून बघ, दुसऱ्या हातात बाळ असणार. माझ्या वहिनीचे तीन सुती कुर्ते मी वापरले, मग धाकट्या जावेने. विकत घेतलेली जीन्स मात्र निम्म्या किमतीला गेली. विकताना पट्टीचा आणि काखेतल्या शिवणीचा जवळून फोटो टाक, घेणारी आधी तेच विचारते.