फोटोग्राफर म्हणून नाव करायचंय? मग ताडोबा काही वर्षं बाजूला ठेवा

इतवारीकर (धागाकर्ता)
परवा दोन मुलं भेटायला आली. दोघांनीही हप्त्यावर १५०-६०० मिमीची लेन्स घेतलेली. इन्स्टावर वाघच वाघ: पाण्यात बसलेला, रस्ता ओलांडणारा, जांभई देणारा. "काका, आमचं काम कोणाच्या नजरेत काहून येत नाही?" त्यांना जे सांगितलं तेच इथे मांडतो. पटलं नाही तर खुशाल भांडा.

शेजारच्या जिप्सीतल्या माणसाच्या फोटोत आणि तुमच्या फोटोत फरक काय? वाघ तोच, ऊन तेच. रस्ता सोडता येत नाही, गाडीतून उतरता येत नाही. म्हणजे कुठे उभं राहायचं हेसुद्धा तुम्ही ठरवत नाही.

आपल्याकडे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. काळी आणि पिवळी जिथे समोरासमोर येतात तिथे कॅमेरेवाल्यांची झुंबड असते. तेही सगळे एकसारखेच फोटो. मी नऊ वर्षांपासून आदल्या रात्री जातो. बायका लेकरांना घेऊन पिवळ्या मारबतीच्या पाया पडायला येतात. एका बाईनं तापानं फणफणलेल्या बाळाचा तळवा मारबतीच्या साडीला टेकवला आणि मग तोच तळवा स्वतःच्या कपाळाला लावला. हा फोटो मला चौथ्या वर्षी मिळाला. आधीची तीन वर्षं मला पाहिलं की बायका पदर सावरून पाठ फिरवायच्या. मी मात्र दरवर्षी मागच्या वर्षीच्या प्रिंट नेऊन ज्याच्या त्याला द्यायचो. चौथ्या वर्षी एक आजी म्हणाली, "आला का रे बाबू? बस."

त्या रात्रींचे चाळीस फोटो एका खोक्यात घालून मी संपादकासमोर ठेवले. माझं पहिलं मोठं काम त्या खोक्यातून आलं. आपल्या विदर्भातलेच, अकोल्याचे सुधारक ओलवे बघा. मुंबईच्या सफाई कामगारांसोबत ते वर्षानुवर्षं राहिले. २०१६ साली पद्मश्री मिळाली.

मोहर्लीगेट
साफ असहमत. ओलवेंचं उदाहरण अर्धंच दिलंत. ते मुंबईच्या वर्तमानपत्रांत काम करत होते. महिन्याला पगार येत असेल तर एका विषयाला वर्षं देता येतात. आज नागपुरात स्टाफ फोटोग्राफरच्या जागा किती उरल्यात?

आणि वाघाचे सगळे फोटो सारखेच असतात, हे वाघ नीट न पाहिलेल्या माणसाचं बोलणं. मी सहा वर्षं एकाच वाघिणीमागे आहे. तिची दोन बाळंतपणं पाहिली. उन्हाळ्यात ती कुठल्या पाणवठ्यावर कधी उतरते, हे आता मला कोणी सांगावं लागत नाही. तुमची मारबत वर्षातून एकदा, माझा विषय कोअर (जंगलाचा आतला भाग) पावसाळ्यात बंद असतं तेवढे दिवस सोडून वर्षभर. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची वन्यजीव स्पर्धा १९६५ पासून चालू आहे. तिथे पुढच्या फेरीत गेलात की रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली काहीही न बदललेली मूळ फाईल, मागतात. तिथे हप्त्याची लेन्स कामी येत नाही, बसलेले दिवस येतात.

लग्नसराई_नागपूर
भाऊ, चार वर्षं प्रिंटा वाटत बसलो असतो तर घरी किराणा कोण भरता? अकरा वर्षं झाली, मी लग्नाचंच काम करून राहिलो. आम्हाले संपादक नाही वळखत. लॉनवाला वळखते, मेकअपवाली वळखते, डेकोरेशनवाला वळखते. नाव त्याईच्याच तोंडून होते.

एक सांगतो. प्रत्येक लग्नात मी घरच्या आजीचा एकटीचा फोटो काढतो. नातवाच्या लग्नात तिले कोणी खुर्चीवरून उठवत नाही, फोटोत ती नेहमी अर्धीच येते. मी खिडकीजवळ बसवतो, पदर नीट करू देतो, अल्बमसोबत तो फोटो मोठा करून फ्रेम देतो. पैसे घेत नाही. माह्यावाली निम्मी कामं त्या फ्रेम पाहून आली. पण हे ताडोबा सोडा, मारबत काढा, असं ज्याच्या अंगावर ईएमआय आहे त्याले सांगू नका.

नवीनच
मी वर्षभरापूर्वी सुरुवात केली. एका संस्थेनं "तुझं नाव होईल" म्हणून कार्यक्रम फुकट शूट करून घेतला. पुढे तोच फोटो व्हेरायटी चौकात होर्डिंगवर दिसला, नाव कुठेच नाही. मी खाली उभी राहून दहा मिनिटं शोधत होते. सुरुवातीला फुकट काम करावं की नाही?

कोर्टाच्या_पायरीवरून
नवीनच, कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसला, तर पहिला हक्क काम देणाऱ्याचा. तुम्ही कुठलाच मोबदला घेतला नाही, त्यांच्या नोकरीतही नव्हता. मग तो फोटो तुमचाच. लेखी पत्र पाठवा. आणि लग्नसराई, तुम्ही पैसे घेता, म्हणून हे कलम तुमच्यावर उलटं लागतं. पोर्टफोलिओत फोटो वापरायचे असतील तर बुकिंगच्या कागदावर तशी एक ओळ हवीच. फोटो आपला म्हणून सांगायचा हक्क कलम ५७ नुसार वेगळा आहे, तो कॉपीराइट विकला तरी राहतो.

इतवारीकर
लग्नसराई, पोटाचा मुद्दा मान्य. मीही तेव्हा शाळांचे ग्रुप फोटो काढून घर चालवत होतो, ते वर सांगायला हवं होतं. पण तुमच्या आजींच्या फ्रेम आणि माझ्या प्रिंट यांत मला फरक दिसत नाही. अकरा वर्षांतल्या सगळ्या आज्या एका भिंतीवर लावल्या तर काय दिसेल, याचा विचार करा.

नवीनच, फुकट करायचंच तर विषय स्वतः निवडा, दुसऱ्याचा कार्यक्रम नको.

मोहर्लीगेट, मी वाघाचे सगळे फोटो सारखे म्हटलं ते चुकलं. पण ती वाघीण तुमच्या पेजवर मला कधी सलग दिसली नाही, सुटी सुटीच दिसली. रविवारी सकाळी सात वाजता फुटाळा तलावावर या, सगळेच या. प्रत्येकी वीस प्रिंट. मोबाईल खिशात.

लग्नसराई_नागपूर
रविवारी मुहूर्त आहे. साडेपाचला आलो तर चालते का? आज्या आणतो.

मोहर्लीगेट
येतो. वीसच्या वीस तिचेच.