मोंटॉकला (न्यूयॉर्क) ऑक्टोबरमध्ये स्ट्राइप्ड बास: जिवंत ईलचा गुंता

प्रश्न: 17 फुटी बोट, स्ट्राइप्ड बास (अंगावर पट्टे असलेला समुद्री मासा) धरायला वाहत्या पाण्यात आमिष म्हणून जिवंत ईल (सापासारखा लांब मासा) सोडतोय. ईल लीडरला (हूकाजवळची वेगळी दोरी) वेटोळे घालते आणि बास तिला धरून सोडून देतो. काय चुकतंय?

उत्तर १: ईल बर्फावर ठेवा, पण वितळलेलं पाणी निथळू द्या, त्यात बुडाली तर मरते. गारठली की सुस्त पडते, मग वेटोळे घालत नाही. कोरड्या फडक्यानं धरा, हूक खालच्या जबड्यातून वर काढा. लीडर 3 फूट, 50 पाउंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात सहसा न दिसणारी दोरी), वर स्विव्हेल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी).

उत्तर २: मासा सुटतो तो झटक्यामुळे. सर्कल हूकला (टोक आत वळलेला गोल गळ) झटका दिला की तो तोंडातून सरळ बाहेर येतो. रॉड खाली, दोन-तीन सेकंद दोरी जाऊ द्या, मग नुसतं रीळ फिरवत ताण आणा. आमिषाला इनलाइन (टोक बाजूला न वाकवलेला) सर्कल हूकच लावायचा, तसा नियमच आहे. ठेवायचा मासा एकच, 28 ते 31 इंचांमधला. मोठा बास तिथंच सोडा.

उत्तर ३: हूकपेक्षा वारा बघा हो! ओहोटीच्या विरुद्ध वारा असला की मोंटॉक पॉइंटसमोर (जमिनीच्या टोकापाशी) लाटा उभ्या राहतात. तेव्हा या बोटीनं तिकडे जाऊच नका. एरवीही इंजिन बंद करू नका, न्यूट्रलवर ठेवा.