मदत हवी आहे : ‘कर्बोदक’ या संज्ञेतले ‘उदक’ कोठून आले?

नमस्कार. दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी अन्नघटकांवर टिपणे तयार करीत असताना ‘कर्बोदक’ या संज्ञेपाशी अडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फोड सरळ आहे : कर्ब म्हणजे कार्बन, उदक म्हणजे पाणी. उसाच्या साखरेच्या रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात, म्हणजे हिशेबाने १२ कार्बन आणि ११ पाणी. परीक्षानळीत साखर तापवली की ती वितळते, तपकिरी होत काळी पडते आणि नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब धरतात. ते पाहून मुलांना नाव लगेच पटते. पण मोरचूद (कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक) तापवल्यावर पांढरे पडते आणि पाण्याचे चार थेंब टाकताच पुन्हा निळे होते, तसा साखरेचा कोळसा पाणी घालून पुन्हा साखर होत नाही. मग साखरेत पाणी होते असे म्हणावे का? शिवाय दह्यातल्या लॅक्टिक आम्लातही हायड्रोजन व ऑक्सिजन पाण्याच्याच प्रमाणात असतात, तरी त्याला कोणी कर्बोदक म्हणत नाही. ते का?

प्रतिसाद :

शंका रास्त आहे. ‘कर्बोदक’ हा ‘कार्बोहायड्रेट’चा शब्दशः अवतार असून मूळ जर्मन संज्ञा रसायनशास्त्रज्ञ कार्ल श्मिट यांनी १८४४ मध्ये रूढ केली. त्या काळी रेणूची रचना ठाऊक नव्हती. पदार्थ जाळून त्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण काढता येई आणि त्या प्रमाणावरूनच हे नाव पडले. प्रत्यक्षात साखरेच्या रेणूत पाणी नसतेच. हायड्रोजनचे अणू आणि हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या एकेका अणूची जोडी) कार्बनच्या साखळीला वेगवेगळे जोडलेले असतात; उष्णतेने बंध तुटले की त्यांच्यापासून पाणी नव्याने तयार होते. मोरचुदात मात्र पाण्याचे रेणू अखंड असतात, म्हणून ते काढता-घालता येतात.

आजची व्याख्या रचनेवर बेतलेली आहे : अनेक हायड्रॉक्सिल गट असलेली अल्डिहाइडे किंवा कीटोने (कार्बनी संयुगांचे दोन वर्ग), आणि जलीय विच्छेदनानंतर (पाण्याशी अभिक्रिया होऊन रेणू तुटल्यावर) अशी संयुगे देणारे स्टार्च, सेल्युलोज यांसारखे पदार्थ. लॅक्टिक आम्लात अल्डिहाइड गटही नाही आणि कीटोन गटही नाही, म्हणून ते बाहेर राहते. उलट डीएनएतील डीऑक्सिरायबोजमध्ये ऑक्सिजनचा एक अणू कमी असल्याने पाण्याचा हिशेब जुळत नाही, तरी ती शर्कराच. टिपणात संज्ञा तशीच ठेवावी. व्याख्या मात्र ‘कार्बन अधिक पाणी’ अशी देऊ नये.